बासनात गुंडाळताना

लेपांवर काम करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत क्लायमेट चेंबर एकच आहे. ठरावीक तापमान, ठरावीक दमटपणा आणि त्यात आठवडेच्या आठवडे कोंडलेले नमुने. मुदत संपली की दार उघडायचं आणि कोण फुगलं, कोण तडकलं, कुणाचे पापुद्रे सुटले ते बघायचं. चेंबरच्या दाराशेजारी खिळ्याला दोरीने एक लांबट वही टांगलेली असते. कुणाचे नमुने कधीपासून कधीपर्यंत आत राहणार, ते त्या वहीत पेन्सिलीने लिहायचं. पेन्सिलीने, कारण तारखा सारख्या हलतात. बरीचशी पानं खोडून खोडून करडी झाली आहेत.

तीन वर्षांपूर्वी संस्थेतल्या संशोधन प्रकल्पांचा प्राधान्यक्रम लावायचं काम माझ्याकडे आलं. प्रकल्प १७, पूर्णवेळ संशोधक ६. दोन महिने खपून मी यादी केली. बैठका झाल्या, वाद झाले, एक्सेलची शीट चार वेळा बदलली. शेवटी संचालकांची सही झाली आणि यादी ईमेलने सगळ्यांना गेली. एक मोठं काम हातावेगळं झालं असं मला मनापासून वाटलं होतं.

तीन महिन्यांनी दुसऱ्याच कशासाठी तरी चेंबरपाशी थांबले होते, तेव्हा ती वही सहज चाळली. माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या प्रकल्पाला तेवढ्या काळात चेंबर दोन आठवडे मिळालं होतं. तेराव्या क्रमांकावरच्या प्रकल्पाला सात आठवडे.

चेंबर सांभाळणारे तंत्रज्ञ आमच्याकडे सगळ्यात जुने आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, हे असं कसं झालं?

"मॅडम, जो येऊन समोर उभा राहतो त्याला मी तारीख देतो," काका म्हणाले. "तेराव्यावाली मुलं रोज येतात. यादीबिदीचं मला कुणी काही सांगितलं नाही."

खरंच नव्हतं सांगितलं. यादी संशोधकांना गेली होती, विभागप्रमुखांना गेली होती, लेखा विभागालाही गेली होती. यंत्रं ज्यांच्या हातात आहेत त्या चार तंत्रज्ञांची नावं त्या ईमेलवर नव्हती, आणि ईमेल मीच पाठवली होती. दोन महिने आम्ही सात जणांनी बंद खोलीत बसून जे ठरवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून संस्थेचा प्राधान्यक्रम या करड्या पानांवर रोज ठरत होता. रोज येऊन उभं राहण्याची चिकाटी कुणात आहे, यावर ठरत होता. आजही एखाद्या संस्थेत मला कुणी आपली प्राधान्ययादी दाखवली, तर मी आधी सगळ्यात गर्दीचं यंत्र कुठलं ते विचारते आणि त्याची बुकिंगची वही मागते. तिथे जे दिसतं ते खरं.

यादी कशी तयार झाली होती तेही सांगते, कारण तिच्यात दुसरीही एक गोम होती. पाच निकष होते: शास्त्रीय महत्त्व, उपयोग, नावीन्य, यशाची शक्यता आणि खर्च. प्रत्येकाला वेटेज. समितीतल्या प्रत्येकाने एक ते पाच गुण द्यायचे, मग सरासरी. आकडे आले तेव्हा पहिल्या प्रकल्पाचे ४.१ होते आणि बाराव्याचे ३.६. अर्ध्या गुणाच्या जागेत १२ प्रकल्प दाटीवाटीने बसले होते, आणि त्या अर्ध्या गुणाच्या जोरावर आम्ही एकाला दोन माणसं देणार होतो आणि दुसऱ्याला शून्य. मला स्वस्थता वाटेना. दीड महिन्याने समितीतल्या तिघांना मी विनंती केली की आधीचे गुण न बघता पाच प्रकल्पांना पुन्हा गुण द्या. तोच माणूस, तोच प्रस्ताव, आणि चाराचे तीन झाले, तिनाचे चार झाले. पाचांचा क्रम पार उलटापालटा झाला. कुणी बेफिकिरीने गुण दिले होते असं मुळीच नाही. माणसाच्या डोक्यात दशांश चिन्हानंतरचं माप नसतंच. एक्सेल मात्र ते छापून दाखवते.

ही फक्त आमची गत नाही. अमेरिकेत १९८१ मध्ये कोल बंधू आणि सायमन या संशोधकांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे आलेले १५० प्रस्ताव परीक्षकांच्या दुसऱ्या एका स्वतंत्र गटाकडून तपासून घेतले. प्रस्तावाचं नशीब साधारण निम्मं त्याच्या गुणवत्तेवर आणि निम्मं परीक्षक कोण वाट्याला आले यावर ठरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने हे मान्य करून २०१३ पासून एक्सप्लोरर नावाच्या अनुदानासाठी वेगळीच रीत घातली. परीक्षकांनी फक्त पात्र की अपात्र एवढंच बघायचं, आणि पात्र ठरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून निवड करायची. मला ही रीत प्रामाणिक वाटते. जिथे फरक दिसत नाही तिथे दिसतो असं भासवण्यापेक्षा चिठ्ठी बरी. पण दाराबाहेरच्या हजारो अर्जदारांतून निवडणं वेगळं आणि रोज जिन्यात भेटणाऱ्या १७ गटांमध्ये निवडणं वेगळं. "चिठ्ठीत तुझं नाव आलं नाही" असं सहकाऱ्याला सांगून मला मोकळं होता येणार नव्हतं. त्याला कारण द्यावं लागतं. कारण द्यायचं, तर गुणांपेक्षा बरं काहीतरी हाताशी लागतं.

मला उपयोगी पडले ते जॉर्ज हाइलमायर यांचे प्रश्न. एलसीडी पडद्यामागच्या तंत्रावर पायाभूत काम केलेला हा अभियंता १९७५ ते १९७७ अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेचा प्रमुख होता. आलेल्या प्रत्येक प्रस्तावाला तो काही साधे प्रश्न विचारायचा. तुम्हाला नेमकं काय करायचंय, बोजड शब्द न वापरता सांगा. आज हे कसं करतात आणि ते कुठे अडतं? तुमच्या पद्धतीत नवीन काय? जमलं तर कुणाला फरक पडेल? धोके कोणते, पैसे किती, वेळ किती, आणि आपण योग्य वाटेवर आहोत हे मध्येच कसं कळेल? या प्रश्नांना गुण देता येत नाहीत. उत्तरं ऐकावी लागतात. आमच्या १७ पैकी चार प्रकल्पांना पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. ते प्रकल्प वाईट नव्हते. फार पूर्वी कुणीतरी सुरू केले होते, मूळ माणूस निघून गेला होता आणि काम मात्र चालू राहिलं होतं.

मी त्यात एका प्रश्नाची भर घातली: हे आत्ता केलं नाही, तर परत न येणारं असं काय जाईल?

या प्रश्नाशी मी कशी पोचले, ते जरा सविस्तर सांगावंसं वाटतं. चार्ल्स कीलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. पहिला आकडा दहा लाखांत ३१३ भागांच्या आसपास होता. आज तो ४२०च्या वर आहे, आणि ही वाढ आपण इतक्या खात्रीने सांगू शकतो ती त्या एका सलग नोंदीमुळे. त्या आलेखाकडे नीट पाहिलं, तर वर्षागणिक श्वास घेतल्यासारखी एक नागमोड दिसते. उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की वायू उतरतो, पानं गळली की चढतो. या नागमोडीत १९६४च्या सुरुवातीला एक खाच आहे. काही महिने आकडेच नाहीत. सरकारी निधीत कपात झाली होती आणि तिथे पुरेशी माणसं ठेवणं परवडेना. काम पुढे परत सुरू झालं, पण ते महिने गेले ते गेले. आता जगातलं कितीही मोठं अनुदान आणलं, तरी त्या डोंगरावरची १९६४च्या मार्चमधली हवा मोजता येणार नाही. पुढेही निधी देणाऱ्यांकडून कीलिंग यांना प्रश्न येत राहिले की हे तर नेहमीचं मोजमाप आहे, यात संशोधन कुठे आहे?

हे मी पूर्वीही वाचलं होतं. पण यादी हातात असताना परत वाचलं आणि पोटात गोळा आला. आमच्या गच्चीवर लोखंडी चौकटींवर लेप दिलेल्या पट्ट्यांची एक रांग आहे. उन्हापावसात त्या सहा वर्षं तशाच उभ्या आहेत. महिन्यातून एकदा कुणीतरी वर जातं, प्रत्येक पट्टीची चमक मोजतं, लेपाची जाडी मोजतं, फोटो काढतं आणि खाली येतं. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या यादीत हा प्रकल्प पंधराव्या क्रमांकावर होता. नावीन्यात त्याला दीड गुण मिळाला होता, आणि ते बरोबरच होतं. महिन्याच्या महिन्याला तेच मोजण्यात नावीन्य कुठून येणार? पंधराव्या क्रमांकाचा अर्थ त्या वर्षी "बंद" असा होता. नोंदीतले दोन महिने बुडालेही होते, तेवढ्यात मी ते काम यादीतून बाहेर काढलं. त्याला पहिला क्रमांक दिला नाही. त्याला यादीच्या बाहेर ठेवलं. ज्या कामाला खर्च थोडा, पण खंड पडला की भरून येत नाही, त्याला इतरांबरोबर शर्यतीत उतरवणंच चूक आहे. ते दोन बुडालेले महिने मात्र आमच्या आलेखात आता कायमचे आहेत, आणि ती चूक माझ्या यादीची.

याच्या उलट, थांबू शकणारी कामं बरीच निघाली. ती करणारी माणसं तळमळीने सांगत होती की हे आत्ताच व्हायला हवं. पण वर्षभराने सुरू केलं तर काय बिघडेल, या प्रश्नावर बहुतेकांनी थोडा वेळ विचार करून "तसं काही नाही" असंच उत्तर दिलं. त्या उत्तरातला प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. आमचं पुढचं सगळं काम त्यावर उभं राहिलं.

कारण मूळ दुखणं वेगळंच होतं. एक ना धड, भाराभर चिंध्या. सहा माणसं आणि १७ प्रकल्प, म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर जवळपास तीन. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे. रांगेत सरासरी किती कामं आहेत, त्याला कामं पुरी होण्याच्या वेगाने भागलं, की एक काम रांगेत सरासरी किती काळ अडकून राहतं ते मिळतं. वेग तोच ठेवून रांग दुप्पट केली, तर प्रत्येक काम दुप्पट वेळ अडकतं. यात मत-मतांतराला जागा नाही. हे गणित आहे.

चेंबरच्या वहीवर मी हे काकांना मांडून दाखवलं. समजा, तीन प्रकल्प आहेत आणि प्रत्येकाला चेंबर एकूण दोन महिने लागतं. तिघांना आलटूनपालटून एकेक आठवडा दिला, तर तिघंही सहाव्या महिन्याच्या अखेरीला संपतात. एकामागून एक घेतलं, तर पहिला दुसऱ्या महिन्याला संपतो, दुसरा चौथ्याला, तिसरा सहाव्याला. तिसऱ्याचं काहीही नुकसान नाही आणि बाकी दोघं कितीतरी लवकर मोकळे. काकांनी वहीकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पण मॅडम, तो तिसरा चार महिने माझ्या डोक्याशी येऊन बसेल त्याचं काय?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. काम संथ चाललेलं माणूस सोसतो, थांबलेलं त्याला सोसवत नाही. तिघांनाही थोडंथोडं दिलं की तिघंही गप्प असतात. म्हणून जिथेतिथे सगळंच चालू असतं आणि काहीच संपत नसतं. प्रत्येकाला हो म्हणणं हे त्या घडीला मायेचं वाटतं. पुढे पाच वर्षांनी सहा माणसांच्या हातात १७ अर्धवट गोष्टी उरतात आणि त्यांची उमेदीची वर्षं निघून गेलेली असतात. मला ती माया वाटत नाही.

ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीने स्वतःच्या कामाचा असाच हिशोब मांडला आणि तो प्रसिद्ध केला. २००५ ते २०१० या काळात त्यांनी निवडलेल्या संभाव्य औषधांपैकी मानवी चाचण्यांचा तिसरा टप्पा पार करणारी होती अवघी ४ टक्के. किती प्रकल्प पुढे ढकलले या संख्येवर तेव्हा भर होता. मग त्यांनी ते सोडून थोडे प्रकल्प आणि प्रत्येकाला आधीच कठोर प्रश्न अशी पद्धत आणली. औषध शरीरातल्या ज्या घटकावर काम करणार, त्याचा रोगाशी संबंध पक्का आहे का, औषध योग्य ऊतीपर्यंत पोचतं का, सुरक्षित आहे का, कुठल्या रुग्णाला द्यायचं ते माहीत आहे का. २०१२ ते २०१६ या काळात तेच प्रमाण १९ टक्क्यांवर गेलं. यातलं किती श्रेय प्रकल्प कमी केल्याचं आणि किती प्रश्नांचं, ते वेगळं काढता येणार नाही. माझ्या मते ते एकच आहे. प्रकल्प थोडे असले, तरच त्यांना प्रश्न विचारायला वेळ मिळतो.

प्रश्न कोण विचारतं, हाही मुद्दा आहेच. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००० मध्ये गुडघ्याच्या संधिवातावरचं संशोधन आणि रुग्णांच्या अपेक्षा शेजारी ठेवून बघितल्या. झालेल्या चाचण्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त औषधांवर होत्या. औषधांवर आणखी संशोधन हवं म्हणणारे रुग्ण होते ९ टक्के. बाकीच्यांना गुडघ्याची शस्त्रक्रिया, दुखणं घेऊन रोजचं जगणं कसं करायचं याचं मार्गदर्शन, अशा गोष्टी हव्या होत्या. २००४ पासून तिथे जेम्स लिंड अलायन्स ही संस्था रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एका टेबलाशी बसवून पुढच्या संशोधनासाठी पहिले दहा प्रश्न काढून घेते. आमच्या समितीत सात जण होते आणि सातही जण संशोधक. आमचे लेप जे वापरणार, त्यांच्यातलं कुणीही त्या खोलीत नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही दोघांना बोलावलं. त्यातल्या एकाने पहिल्याच तासात विचारलं की लेप किती वर्षं टिकतो हे तुम्ही सगळे सांगता, पण खराब झालेला लेप खरवडून काढायचा कसा, त्यावर इथे कोण काम करतं? कुणीच करत नव्हतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, ते.

१७ प्रकल्पांतून आम्ही सात ठेवले आणि एक यादीबाहेर. म्हणजे नऊ थांबले. त्यातला एक आमच्याकडच्या एका तरुण संशोधिकेचा होता. स्वतःची भेग स्वतः भरून काढणारा लेप, असा तिचा विषय. प्रकल्प चांगला होता. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही म्हणत होते. पण त्याला रसायनाची जाण असलेला आणखी एक माणूस हवा होता, तो आमच्याकडे नव्हता आणि मिळायची चिन्हं नव्हती. थांबवायचं ठरलं. ते तिला सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नाही. मी म्हणाले, "सध्या होल्डवर ठेवू या."

होल्डवर. हा शब्द मी किती सहज वापरला. तिने तो खरा धरला. दर महिन्याच्या आढावा बैठकीत ती एक स्लाइड घेऊन यायची. संध्याकाळी सगळे गेल्यावर उरल्यासुरल्या रसायनांत चार नमुने करून ठेवायची. चेंबरच्या वहीत पुढच्या तारखांना स्वतःचं नाव लिहायची, आणि तारीख जवळ आली की काका ते खोडायचे. १४ महिने हे भिजत घोंगडं मी तसंच ठेवलं. तिच्या भल्यासाठी नाही, तर समोर बसवून "नाही" म्हणायचा धीर मला झाला नाही म्हणून. एकदा ती माझ्या टेबलाशी आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, नाही म्हणाला असतात तर मी वर्षभरापूर्वी रडून मोकळी झाले असते."

तिचं ते वाक्य मी विसरलेले नाही. संशोधनात एक वर्ष म्हणजे काय, ते ज्याने एखाद्या नमुन्यापाशी रात्री काढल्या आहेत त्याला विचारावं.

मला धीर का झाला नाही, याचा मी खूप विचार केला. आपण चुकत असलो तर? ही भीती खरी आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कॅटलिन कारिको यांचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ असतं. एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवायच्या सूचना देणारा रेणू, यावर काम करताना त्यांना अनुदानं मिळेनात, १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. २००५ मध्ये ड्रू वाइसमन यांच्याबरोबर त्यांनी तो महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला, पुढे त्यातून कोविडच्या लशी उभ्या राहिल्या आणि २०२३चं नोबेल मिळालं. कुठलाही प्रकल्प थांबवायची वेळ आली, की समितीत कुणीतरी हे उदाहरण काढतंच. त्यावरून "म्हणून काहीही थांबवू नका" असं म्हणणं मला पटत नाही. सगळंच चालू ठेवलं, तर उद्याच्या कारिकोंच्या वाट्याला चेंबर वर्षातून दोन आठवडे येईल. मला त्या उदाहरणातून वेगळंच दिसतं. निवड करणारे चुकतात, हुशार असले तरी चुकतात. तेव्हा आपण चुकलो आहोत हे धरूनच थांबवायचं. म्हणजे अशा रीतीने थांबवायचं, की आपली चूक पुढच्या कुणालातरी दुरुस्त करता यावी.

मराठीत आपण म्हणतो, अमुक प्रकरण बासनात गुंडाळलं. म्हणजे कायमचं संपवलं, विसरून टाकलं. पण बासन म्हणजे काय? पोथी किंवा दप्तर ज्यात बांधून ठेवायचं ते फडकं. पोथीला धूळ लागू नये, पानं सुटी होऊन क्रम चुकू नये, वाळवी लागू नये, म्हणून ते होतं. बासनात गुंडाळलेली पोथी परत सोडायचीच असते. टाकून द्यायच्या कागदाला कुणी बासन बांधत नाही. हा शब्द आपण उलटा कधी केला, कोण जाणे. कचेऱ्यांनी केला असावा.

फेक्सिनिडाझोल नावाच्या औषधाची गोष्ट मला या शब्दाच्या मूळ अर्थाची वाटते. १९७०च्या दशकात हेक्स्ट या जर्मन कंपनीत हे संयुग तयार झालं. १९८३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत निद्रारोगावर त्याचा उपयोगही दिसला. त्से-त्से माशीमुळे होणारा हा आफ्रिकेतला रोग मेंदूपर्यंत पोचला, की माणूस भ्रमिष्ट होतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो आणि शेवटी मरतो. तेव्हा त्यावरचा मुख्य उपाय होता मेलार्सोप्रोल. त्यात आर्सेनिक असतं. शिरेतून देताना ते जाळत जातं, आणि दर वीस रुग्णांमागे साधारण एक त्या औषधानेच दगावायचा. तरीही फेक्सिनिडाझोल पुढे नेलं गेलं नाही. ते फडताळात गेलं. २००५ मध्ये डीएनडीआय या ना-नफा संस्थेने त्या जातीची जुनी, सोडून दिलेली शेकडो संयुगं एकेक करून परत तपासायला घेतली. त्यात हे सापडलं. नुसतं सापडून काय उपयोग? त्यावर काय झालं होतं, कुठवर झालं होतं, याच्या नोंदी होत्या. त्यांच्यावर पाय देऊन पुढे जाता आलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपियन औषध नियामकाने त्याला अनुकूल अभिप्राय दिला. निद्रारोगावरचं हे पहिलं औषध, जे दोन्ही टप्प्यांत, म्हणजे रोग मेंदूपर्यंत पोचण्याआधी आणि पोचल्यावरही, नुसतं गिळायचं असतं. दहा दिवस गोळ्या. सुई नाही, सलाइन नाही.

मधली वीसेक वर्षं कुणाची गेली, हे मी विसरत नाही. थांबवणाऱ्यांनी केलं ते बरोबर केलं, असं मी म्हणणार नाही. पण कुणीतरी, ज्याचं नाव मला ठाऊक नाही, त्याचे कागद नीट लावून ठेवले होते. त्या माणसाला उद्याचा काहीही अंदाज नसेल. त्याने फक्त काम थांबवताना आवराआवर नीट केली.

आमच्याकडे थांबलेल्या नऊ प्रकल्पांपैकी सहांचे नमुने सहा वेगवेगळ्या कपाटांत पडले होते. काहींवर नुसतं "नवीन बॅच" असं लिहिलेलं. कुठली नवीन, कधीची नवीन? एका प्रकल्पाचा सगळा डेटा संस्था सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर होता. म्हणजे आम्ही काही थांबवलं नव्हतं. आम्ही ते हरवलं होतं.

त्यानंतर आम्ही एक टिपण करायला लागलो. कुठलाही प्रकल्प थांबला, की दोन आठवडे, फक्त दोन आठवडे, त्याच माणसाला त्याच कामासाठी पूर्ण मोकळे द्यायचे. आवरायला. काय कळलं, काय अजून कळलं नाही, कुठल्या वाटेने जाऊन पाहिलं आणि ती बंद निघाली, नमुने कुठे आहेत, डेटा कुठे आहे. आणि का थांबवलं, हे स्वच्छ शब्दांत: पैसे नव्हते, माणसं नव्हती, की कल्पनाच चुकीची निघाली? या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि फाइलवर नुसतं "बंद" लिहिलं की तो पुसला जातो. दहा वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला वाटतं, करून पाहिलं असेल, जमलं नसेल. कारणाखाली मी सही करते. थांबवणाऱ्याचं नाव तिथे असलंच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

ती तरुण संशोधिका माझ्या टेबलाशी येऊन बोलली, त्यानंतरच्या सोमवारी मी तिला बोलावलं आणि चौदा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं. ती रडली नाही. विचारलं, "दोन आठवडे मिळतील ना?" म्हटलं, "हो, पूर्ण मिळतील. त्यात कुणी तुला दुसरं काम सांगणार नाही."

तिने १४ पानं लिहिली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी खाली गेलो. नमुन्यांचा डबा तिने स्वतः बांधला होता. आतल्या प्रत्येक काचपट्टीवर तारीख आणि क्रमांक, झाकणाच्या आतल्या बाजूला सगळ्यांची यादी, ओल धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या. कपाटाचा खण ठरवून दिला होता, त्यात तो ठेवला. मग ती चेंबरपाशी गेली, वही दोरीसकट ओढून घेतली आणि पुढच्या महिन्यात तिने स्वतःसाठी धरून ठेवलेले तीन आठवडे रबराने पुसले. काका शेजारी उभे होते. त्यांनी खिशातली घडी घातलेली यादी काढली. आता ती त्यांच्याकडे असते. मोकळ्या झालेल्या जागी दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकल्पाचं नाव त्यांनी लिहिलं.

वर येऊन टिपणावर सही करायला बसले, तेव्हा शेवटच्या पानावर एक रकाना रिकामा दिसला: पुन्हा सुरू करताना कुणाला विचारायचं? मी तिच्याकडे बघितलं.

"मी इथे असेनच असं नाही ना, मॅडम," ती म्हणाली. मग पेन मागून घेतलं आणि तिथे आपलं नाव लिहिलं. खाली संस्थेचा ईमेल लिहून खोडला, आणि स्वतःचा, घरचा लिहिला.